भुसभुशीत बर्फ आणि पायातले ग्रॅम

टूरिंग स्कीच्या माहितीपत्रकात हल्ली सगळ्यांत ठळक आकडा वजनाचा असतो आणि वाचणाराही तिथेच अडकतो. १२५० ग्रॅमची बरी की १४०० ग्रॅमची, यावर तासन्‌तास खल होतो. लिफ्टशिवाय, स्वतःच्या पायांनी डोंगर चढून मग उतरायचं असेल तर ही काळजी रास्तच आहे. पण ताज्या, भुसभुशीत बर्फासाठी स्की निवडताना वजनाचा विचार आधी आणि आकाराचा नंतर झाला, की पैसेही जातात आणि उताराची मजाही जाते. या बर्फात स्कीला तरंगवतो तो तिचा आकार. वजनाला तिथे फारसं काम नसतं, म्हणूनच इतर कुठल्याही बर्फापेक्षा इथे हलकी स्की जास्त खपून जाते. तेव्हा वजन खुशाल कमी करावं. फक्त ते करताना कारखान्याने रुंदी, टोकाची उचल आणि बूट स्कीला धरणाऱ्या बाइंडिंगच्या स्क्रूखालचं लाकूड या तिघांना हात लावलेला नाही ना, हे पाहावं.

आधी तरंगण्याचा हिशोब. १७६ सेंमी लांबीची, पुढे १२७, कमरेला ९८ आणि शेपटीला ११५ मिमी रुंद अशी एक स्की घ्या. बुटाखालचा सर्वांत अरुंद भाग म्हणजे कंबर. नुसती ‘रुंदी’ म्हणतात तेव्हा हाच आकडा धरायचा. टोकाचा वर वळलेला भाग सोडला तर अशा स्कीचं क्षेत्रफळ साधारण १८५० चौरस सेंमी भरतं. माणूस, कपडे, पाठपिशवी मिळून ८५ किलो धरले तर दोन्ही स्कींवर उभं राहिल्यावर दर चौरस सेंमीला सुमारे २३ ग्रॅम भार येतो. तोच माणूस नुसत्या बुटांवर उभा राहिला तर हा भार १७० ग्रॅमच्या आसपास जातो आणि तो मांडीपर्यंत रुततो. आता लांबी तेवढीच ठेवून कंबर ८४ मिमीवर आणली आणि टोक-शेपूट त्याच प्रमाणात बारीक केली, तर क्षेत्रफळ १५८५ चौरस सेंमीच्या घरात येतं. म्हणजे जवळपास १४ टक्के घट. ही घट लांबीने भरून काढायची तर स्की तब्बल २९ सेंमी लांब घ्यावी लागेल आणि एवढी लांब स्की घेऊन झाडीत वळणं घेणं म्हणजे शिक्षाच.

हाच हिशोब उलट्या बाजूनेही करून बघण्यासारखा आहे. ६० किलोच्या माणसाने ८ किलोचं सामान घेतलं तर एकूण ६८ किलो होतात. त्याला दर चौरस सेंमीला २३ ग्रॅमचाच भार हवा असेल तर एका स्कीचं क्षेत्रफळ १५०० चौरस सेंमी पुरतं. ते त्याला साधारण १६५ सेंमी लांबीच्या, ८४ मिमी कमरेच्या स्कीतच मिळतं. जाडजूड मित्राची १०५ मिमीची स्की बघून त्याने तशीच घेतली तर चढावर तो विनाकारण वजन ओढत बसेल. भुसभुशीत बर्फाला अमुक मिलिमीटर पाहिजेतच असं सरसकट कुणी सांगू लागलं, तर ते कुणाच्या वजनाला, हे विचारून घ्यावं. पाठपिशवी धरून.

यात आणखी एक मेख आहे. वरचा हिशोब उभ्या माणसाचा. वेग आला की समोरून येणारा बर्फच स्कीला वर ढकलतो आणि अरुंद स्कीही पृष्ठभागाजवळ येते. त्यामुळे रुंदीचा खरा फायदा होतो तो सावकाश उतरणाऱ्याला, २५ अंशांच्या सौम्य उतारावर, दाट झाडीत, जिथे वेग धरताच येत नाही. वेगाने मोठी वळणं घेणारे सराईत लोक ९० मिमीवरही मजेत उतरतात. नवख्याला मात्र १०० मिमी आधार देते. बाजारात नेमकी उलटी समजूत आहे, की रुंद स्की म्हणजे पट्टीच्या लोकांची.

आता चढ. चढणीची वाट साधारण १२ अंशांची धरली तर १००० मीटर उंची गाठायला सुमारे ४.८ किमी चालावं लागतं. पाऊल ६० सेंमीचं धरलं तर ८००० पावलं. प्रत्येक पायात ३०० ग्रॅम जास्त असतील तर दिवसभरात २४०० किलो जास्त पुढे नेले. आकडा डोळे फिरवणारा आहे, पण त्याला थोडं गाळून घ्यायला हवं. बूट पिनांनी धरणाऱ्या पिन बाइंडिंगमध्ये चढताना टाच मोकळी असते आणि घट्ट झालेल्या वाटेवर स्की उचलायची नसतेच, ती पुढे सरकवायची असते. त्यामुळे हे २४०० किलो उचललेले नसतात, ढकललेले असतात. पूर्ण वजन उचलायची वेळ येते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे किक-टर्नला, जिथे तीव्र उतारावर एक पाय हवेत घेऊन स्की उलट दिशेला फिरवायची असते. दुसरी वेळ वाट पाडताना.

आणि वाट पाडताना ग्रॅमचा सगळा हिशोबच बदलतो. नव्या बर्फात स्की खाली जाते आणि तिच्या पाठीवर बर्फ येऊन बसतो. स्कीच्या पुढच्या अर्ध्या भागाचं क्षेत्रफळ ९०० चौरस सेंमी धरा. त्यावर १० सेंमी ताजा बर्फ, घनता १०० किलो प्रति घनमीटर. झाले ९०० ग्रॅम! प्रत्येक पावलाला हे ओझं फोडून टोक वर काढायचं. टोक पुरेसं उचललेलं, रुंद आणि थोडं लवचीक असेल तर ते पाऊल सरकताना आपोआप वर येतं. सपाट, ताठ टोक बर्फाखालीच नांगरत जातं. म्हणजे ११०० ग्रॅमची ताठ टोकाची स्की वाट पाडताना १४०० ग्रॅमच्या उचललेल्या टोकाच्या स्कीपेक्षा जड पडू शकते. दुकानात ती कितीही फुलासारखी वाटली तरी.

पाठीवर साचणाऱ्या बर्फाचा दुसरा प्रकार जास्त चिवट. गडद रंगाचा वरचा पत्रा उन्हात तापतो, त्यावरचा बर्फ किंचित वितळतो आणि सावलीत शिरलं की तिथेच गोठतो. बुटाच्या पुढे-मागे बर्फाच्या ढेकळांचा थर चढत जातो आणि हा थर प्रत्येक स्कीवर सहज काहीशे ग्रॅमचा होतो. म्हणून फिकट रंगाचा, गुळगुळीत पत्रा असलेली स्की निवडणं ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाही. निघण्यापूर्वी पत्र्यावर थोडं मेण किंवा सिलिकॉन फिरवलं तर थर धरत नाही. धरलाच तर काठीच्या मुठीने बाजूने ठोकायचं. टोकदार बाजूने खरवडलं तर पत्र्याला चरे पडतात आणि पुढच्या वेळी बर्फ तिथेच आधी चिकटतो.

हलकेपणा येतो कुठून, हे समजलं की जाहिरातीतले अर्धे शब्द गळून पडतात. स्कीचा गाभा बहुतेक वेळा लाकडाचाच असतो. ॲश मजबूत, पण घनता ६५० ते ७०० किलो प्रति घनमीटर. पॉप्लर ४०० ते ४५०. पॉलोनिया २८०च्या आसपास आणि बाल्सा त्याहून बराच हलका. हलक्या टूरिंग स्कीत पॉलोनियाचं राज्य असतं, त्यात ताकदीसाठी पॉप्लरच्या किंवा ॲशच्या पट्ट्या घातलेल्या. गाभ्याभोवती काचतंतू आणि कार्बन. कार्बन हलका आणि ताठ आहे, पण कंपनं गिळायला तो फार तयार नसतो. टणक बर्फावर कार्बनच्या स्कीचा खडखडाट पायापासून गुडघ्यापर्यंत पोचतो. भुसभुशीत बर्फात हा दोष जाणवतच नाही, कारण कंपनं बर्फच गिळून टाकतो. काही कारखाने जवसाचे तंतू किंवा कडांवर रबराच्या पातळ पट्ट्या घालून ही उणीव भरतात. त्यासाठी ५०-१०० ग्रॅम वाढले तर खुशाल वाढू द्यावेत. माझ्या मते हे सगळ्यांत कारणी लागलेले ग्रॅम.

जिथे ग्रॅम चोरले तर पुढे महागात पडतं अशा जागाही ठरलेल्या आहेत. पोलादी कड बारीक केली की दगडावर आपटल्यावर ती लगेच वाकते किंवा गाभ्यापासून सुटते, शिवाय दोन-चार वेळा धार लावली की संपते. तळाचा थर पातळ असला की एका दगडाने गाभ्यापर्यंत खाच जाते आणि तिथून पाणी शिरतं. ताज्या बर्फाची गंमत अशी की दगड दिसत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला ४० सेंमी नवा बर्फ आणि खाली कसलाच जुना थर नाही, अशा दिवशी सर्वांत जास्त स्की फुटतात. तिसरी जागा स्क्रूखालची. चांगल्या हलक्या स्कीत बाइंडिंगच्या जागी जास्त घट्ट लाकूड, धातूची पातळ पट्टी किंवा तंतूंचा जादा थर असतो. नुसत्या पॉलोनियात घट्ट बसलेला स्क्रू एका तिरक्या पडण्यात उपटून येऊ शकतो. हा मजबुतीचा भाग किती लांब आहे, हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे बघा.

स्कीचं वजन तिच्या क्षेत्रफळाने भागलं की बरंच कळतं. १८५० चौरस सेंमीची स्की १३०० ग्रॅमची असेल तर दर चौरस सेंमीला ०.७० ग्रॅम. १५०० ग्रॅमची असेल तर ०.८१. ढोबळ मानाने ०.६५च्या खाली गेलेली स्की नाजूक समजावी, ०.७० ते ०.८० ही बहुतेकांना मानवणारी पट्टी आणि ०.९५च्या पुढची स्की लिफ्टने वर जाणाऱ्यांची. ही नियमावली नव्हे, पण दोन वेगवेगळ्या रुंदीच्या स्की एका तराजूत तोलायला याहून सोपं माप नाही. छापलेल्या वजनावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. ते बहुधा मधल्या लांबीच्या एका नमुन्याचं असतं. १० सेंमी लांब स्की घेतली की ८० ते १०० ग्रॅम वाढतात आणि एकाच जोडीतल्या दोन स्कींतही ३०-४० ग्रॅमचा फरक सापडतो. तराजू घेऊनच जावं.

आकार तपासायला तराजूही लागत नाही. दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून त्या उजेडासमोर धरा. बुटाच्या जागी तळांमध्ये फट दिसेल. तो कॅम्बर. मऊ बर्फाच्या टूरिंग स्कीत तो प्रत्येक स्कीला २ ते ४ मिमी पुरतो. आता मधोमध मुठीत धरून दाबा. फट मिटते आणि टोकांकडचे तळ एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. ते कुठून सुटतात, तिथे बोट ठेवा. १७६ सेंमीच्या स्कीत पुढून ३० ते ३५ सेंमीवर आणि मागून १० ते १५ सेंमीवर सुटत असतील तर उत्तम. टणक बर्फावर टेकायला साधारण १३० सेंमी कड उरते. पुढून ४५ आणि मागून ३० सेंमी सुटत असतील तर उरते जेमतेम १०० सेंमी. अशी स्की भुसभुशीत बर्फात लोण्यासारखी फिरते, पण सकाळी गोठलेल्या उतारावर आडवं जाताना घसरते. चढावर ती दुसऱ्या तऱ्हेनेही छळते. सुटलेल्या भागाखालची स्किन, म्हणजे चढताना तळाला चिकटवायची केसाळ पट्टी, बर्फाला टेकतच नाही, म्हणजे पकड तेवढी कमी.

शेपटीबद्दल माझं मत जरा ताठर आहे. दोन्ही टोकं वळवलेली स्की उड्या-करामतींच्या पार्कमध्ये छान दिसते, पण टूरिंगला शेपूट जवळजवळ सपाट हवी, उचल फार तर ५ ते १० मिमी. सपाट शेपूट बर्फात उभी खुपसता येते, किक-टर्नला ती मागे अडकत नाही आणि स्किनची मागची क्लिप तिच्यावर धड बसते. शेपटीला क्लिपसाठी खाच किंवा निदान सरळ कापलेली कड आहे का, तेही पाहून घ्या. पूर्ण गोल शेपटीवरची क्लिप ओल्या बर्फात सुटते आणि मग दर २०० मीटरला थांबावं लागतं.

साइडकटच्या, म्हणजे स्कीच्या कडेला कमरेशी आत दिलेल्या कमानीच्या, बाबतीत मऊ बर्फाचा नियम घट्ट बर्फाच्या उलट आहे. तयार उतारावर १५ मीटर त्रिज्येची स्की कडेवर टाकली की झटकन वळते. भुसभुशीत बर्फात मात्र टोक आणि शेपूट कमरेपेक्षा फार रुंद असतील तर ती जास्त तरंगतात, मधला भाग खाली जातो आणि स्की नको तिथे आत ओढली जाते. १८ ते २२ मीटर त्रिज्या ठीक. सर्वांत रुंद जागा टोकापासून जरा मागे सरकवलेली असेल तर टोक बर्फात अडकत नाही आणि वजनही थोडं वाचतं, तेही जिथे वाचायला हवं तिथे, म्हणजे पायापासून सर्वांत दूर.

लवचीकपणा हातानेच बघावा. शेपूट जमिनीवर, एक हात टोकाजवळ, दुसऱ्या हाताने मधोमध ढकलायचं. पहिले ३०-४० सेंमी सहज वाकायला हवेत आणि तिथून बुटाकडे ताठपणा एकसारखा वाढत जायला हवा. मध्येच बिजागरी असल्यासारखी एकाच जागी वाकत असेल तर ती स्की नको. पिळ तपासायला टोक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे मुरडून बघा. सहज मुरडत असेल तर मऊ बर्फात काही बिघडत नाही, टणक बर्फावर मात्र टोकाची कड धरून राहणार नाही.

लांबी निवडताना उंचीपेक्षा वजन जास्त मोलाचं. तरीही सुरुवात म्हणून कपाळापासून डोक्यापर्यंत कुठेतरी स्की पोचावी. झाडीतून, अरुंद घळींतून जाणाऱ्याने आखूड बाजूला राहावं, मोकळ्या रुंद उतारांवर जाणाऱ्याने लांब घ्यावी. किक-टर्न करून करून मांड्या भरून आल्या की प्रत्येक ५ सेंमी जाणवतात.

रुंदीला वरची मर्यादा घालतो तो चढ. स्की कडेवर उभी राहते तेव्हा जोर बुटाच्या मध्यापासून कमरेच्या निम्म्या अंतरावर लागतो. ८४ मिमीच्या स्कीत हे अंतर ४२ मिमी, १०८ मिमीच्या स्कीत ५४. गोठलेल्या उतारावर तासभर आडवं जाताना हे १२ मिमी घोट्याला कळतात. त्यातून हलक्या, मऊ बुटात तर जास्तच. दुसऱ्याने पाडलेली वाट बऱ्याचदा अरुंद स्कीची असते. त्यात रुंद स्कीची वरची कड उताराला घासते आणि स्की वाटेबाहेर घसरते. क्रॅम्पॉन, म्हणजे गोठलेल्या चढावर स्कीखाली लावायचे धातूचे दातही स्कीच्या कमरेपेक्षा काही मिमी रुंदच लागतात. रुंदी वाढली की क्रॅम्पॉन, स्किन, ब्रेक सगळंच रुंद आणि जड होत जातं. १०० मिमीच्या जोडीच्या स्किनच साधारण अर्धा किलोच्या घरात जातात, त्या भिजल्या की आणखी. या सगळ्याचा मेळ घातला तर ७० ते ८० किलोच्या माणसासाठी ९५ ते १०२ मिमी, १३०० ते १५०० ग्रॅम ही निवड मला सर्वांत समजूतदार वाटते. १०८च्या पुढे जायचं ते हंगामभर खोल, कोरडा बर्फ पडणाऱ्या प्रदेशातच. चढाईच्या शर्यतीच्या ६५ मिमीच्या आसपासच्या स्कींवरही माणसं भुसभुशीत बर्फात उतरतात. पण तो उतार उरकण्याचा प्रकार झाला.

आता तो दुसरा बर्फ. दिवसभर नुसता भुसभुशीत बर्फ मिळाला असं फार क्वचित घडतं. सकाळी झाडीतून बाहेर पडताना गोठलेली वाट, कड्याजवळ वाऱ्याने दाबलेला टणक थर, दुपारी खाली येताना पापुद्रा धरलेला बर्फ. पापुद्र्यावर हलक्या स्कीची खरी परीक्षा होते. वरचा थर कधी तोलतो, कधी फुटतो. फुटला की टोक अडतं आणि हलक्या स्कीत तो धक्का मोडून पुढे जाण्याइतकं वजन नसतं, त्यामुळे टोक भलत्याच दिशेला फेकलं जातं. अशा वेळी वेग कमी, दोन्ही स्कींवर सारखा भार आणि वळण घेताना थोडं वर उठून स्की बर्फातून सोडवून घेणं, एवढाच उपाय असतो. ज्याला हे तंत्र येतं त्याने १२०० ग्रॅमची स्की बेलाशक घ्यावी. ज्याचे पाय संध्याकाळी जड होतात त्याने २०० ग्रॅम जास्त घेतलेले बरे. किती हलकं जायचं हे उताराच्या सर्वांत वाईट पट्ट्यावर ठरवायचं. वसंतात मुख्यतः रात्री गोठून दुपारी मऊ होणाऱ्या बर्फावर जाणार असाल तर रुंदीचा मोह सोडून ८५ ते ९० मिमीवर या.

स्की एकटी काहीच करत नाही. बूट, बाइंडिंग, स्की आणि स्किन यांची प्रत्येक पायाची बेरीज करा. १४०० ग्रॅमची स्की, ३०० ग्रॅमचं बाइंडिंग, २५० ग्रॅमची स्किन आणि १३०० ग्रॅमचा बूट, झाले ३२५० ग्रॅम. यातले २०० ग्रॅम कुठून कमी करायचे हे ठरवताना बहुतेक लोक स्कीकडे बघतात. बाइंडिंगकडे आधी बघावं. टोकाला दोन पिना आणि टाचेला दोन पिना अशी ही रचना ऑस्ट्रियाच्या फ्रित्झ बार्थेल यांनी १९८०च्या दशकात काढली आणि आजची जवळजवळ सगळी हलकी बाइंडिंग तिच्यावरच उभी आहेत. शर्यतीची बाइंडिंग १०० ते १५० ग्रॅमची, समायोज्य सुटका (पडल्यावर बूट किती जोराला सोडायचा ते बदलता येणं) असलेली मधली २५० ते ४००, आणि उतारावर लिफ्टवाल्या बाइंडिंगसारखी वागणारी मिश्र जातीची ८००च्या पुढे. मऊ बर्फात फार तीव्र धक्के बसत नाहीत, तेव्हा मधली पुरतात. मात्र सुटकेचा आकडा बदलता येणारं घ्या. सर्वांत हलक्यांत पुढे पडतानाची सुटका एका ठरावीक ताठपणाच्या यू आकाराच्या स्प्रिंगवर असते आणि ६० किलोच्या माणसाला ती फार घट्ट पडू शकते.

ब्रेकचा प्रश्न इथे वेगळा आहे. खोल बर्फात सुटलेली स्की बर्फाखाली सरपटत जाते आणि शोधायला अर्धा तास जातो. ब्रेक तिथे नीट धरतीलच असं नाही. दोरी बांधली तर स्की हरवत नाही, पण हिमप्रपातात तीच स्की माणसाला खाली ओढते. जोर आल्यावर तुटणारी दोरी हा त्यातला मधला मार्ग. उतरताना बाइंडिंगचा पुढचा खटका चालण्याच्या स्थितीत कुलूपबंद राहिला तर स्की सुटतच नाही. हे निघण्यापूर्वी दोनदा बघावं. भुसभुशीत बर्फाचे ३० ते ४५ अंशांचे उतार हेच हिमप्रपाताचेही उतार आहेत. बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), २४० सेंमी किंवा जास्त लांबीचा प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि धातूचं फावडं यांच्यातून ग्रॅम वाचवायचे नसतात.

बुटाबद्दल थोडक्यात. १००० ग्रॅमच्या मऊ बुटाने १०५ मिमीची १८०० ग्रॅमची स्की हाकता येत नाही. ती कडेवर चढेपर्यंत बूटच वाकतो. उलट १६०० ग्रॅमच्या ताठ बुटाने १००० ग्रॅमची स्की गरजेपेक्षा जास्त मुरडली जाते. ९८ मिमीच्या स्कीला १२०० ते १४०० ग्रॅमचा बूट शोभतो.

स्किन विकत घेताना मोहेर की नायलॉन हा वाद असतो. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे केस. ती सरकते छान, पण लवकर झिजते. नायलॉन जास्त पकडतो, टिकतो, पण सरकायला जड. ७० टक्के मोहेर आणि ३० टक्के नायलॉन असं मिश्रण बहुतेकांना पटतं. ताज्या बर्फात पकड सहसा कमी पडत नाही, म्हणून मी सरकण्याच्या बाजूने कौल देईन. कापताना दोन्ही बाजूंनी सुमारे २ मिमी तळ आणि पोलादी कड उघडी राहायला हवी, नाहीतर आडव्या चालीत कड बर्फाला टेकणारच नाही. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या थंड बर्फात गेलं की केसांत गोळे धरतात. त्यासाठी निघण्यापूर्वी स्किनला मेण घासायचं आणि खिशात मेणाचा तुकडा ठेवायचा. उतरताना स्किन पाठपिशवीत कोंबू नका. जॅकेटच्या आत ठेवा. गोंद गार पडला की दुसऱ्या चढाला ती चिकटत नाही.

शेवटी बाइंडिंग बसवणं, म्हणजे सर्वांत महागडी चूक जिथे होते ती जागा. कारखान्याच्या खुणेवरच बसवा. खोल बर्फासाठी १ सेंमी मागे घेतलं तर टोक जास्त वर राहतं हे खरं, पण त्याची किंमत किक-टर्नला मोजावी लागते. खुणेवर बसवलेल्या बाइंडिंगमध्ये पुढच्या पिना स्कीच्या तोलबिंदूच्या थोड्या पुढे पडतात, त्यामुळे पाय उचलला की शेपूट खाली झुकते आणि टोक आपसूक वर येतं. मागे सरकवलं की टोक लोंबकळू लागतं.

भोकाचा व्यास स्कीवर छापलेला असतो, धातूची पट्टी नसेल तर बहुधा ३.५ किंवा ३.६ मिमी, असेल तर ४.१. खोली ९ मिमीची, त्याच खोलीवर अडवणारा ठोकळा असलेल्या ड्रिलनेच. हलक्या स्कीचा गाभा पातळ असतो. साध्या ड्रिलने दोन मिमी जास्त गेलं तर तळाला फुगवटा येतो. भोकातला भुसा पूर्ण काढा, जलरोधक गोंद किंवा इपॉक्सी भरा आणि स्क्रू हाताने आवळा. या स्क्रूंच्या डोक्यात बहुतेक वेळा पोझिड्राइव्ह ३ ची खाच असते. साधा फिलिप्स पाना वापरला तर ती खाच गुळगुळीत होते. स्क्रू घट्ट झाल्याचं जाणवताच थांबा, कारण पॉलोनियात आणखी अर्धा फेरा म्हणजे लाकडातले आटे गेले. टाचेच्या पिना आणि बूट यांच्यात मॉडेलप्रमाणे अंतर ठेवायचं असतं, अनेकांत ४ ते ६ मिमी. मऊ बर्फात स्की जास्त वाकते, ती वाकली की टाच आणि टोक जवळ येतात, आणि हे अंतर नसेल तर बूट बाइंडिंगमध्ये चेपला जाऊन सुटका बिघडते.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रत्येक स्क्रू पान्याने तपासा. एखादा नुसताच गोल फिरत राहिला तर तो काढून भोकात स्टीलवूलचा छोटा गोळा आणि इपॉक्सी भरायची, स्क्रू परत बसवायचा आणि रात्रभर सुकू द्यायचा. भोकाभोवती पत्रा फुगलेला दिसला तर पाणी आत गेलेलं आहे. अशा वेळी बाइंडिंग उतरवून स्की उबदार जागी पूर्ण वाळवून मगच पुन्हा गोंद भरा. डोंगरात जाताना पोझिड्राइव्ह ३ चं टोक, चार जादा स्क्रू आणि दोन रबरी पट्टे पाठपिशवीच्या तळाशी असू द्या.